विनीतची पेटी आणि मीटरचा लाल दिवा

२८ सप्टेंबर, रविवार

महादू आज आला. साडेतीन महिन्यांनी. जूनमध्ये त्याला कावीळ झाली ती अंगात मुरली, आणि श्रावण, गणपती सगळं अंथरुणातच गेलं. गिरणीचे दगड महादूशिवाय दुसऱ्या कुणी उघडायचे नाहीत हा बाबांचा नियम. बाबा जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण नियम मोडायला हात धजत नाही. त्यामुळे जूनपासून दगड तसेच फिरत होते.

त्याने वरचा दगड उचलून उताणा केला, खालच्यावरून तळहात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"बाय, ह्येच्यार आता कपडे धुवूक घे. दळूचे दगड ह्ये न्हय."

"मी खंय तुका सोडून दुसऱ्याक बोलावतलंय?"

"मगे मी मेलंय असतंय तर?"

"मेल्या, पयलो चाय पी."

तो हसला. अजून डोळ्यांत पिवळेपणा आहे. चहा पिऊन दगडांसमोर बसकण मारली आणि टाकीची छिन्नी चालू झाली. टकटक, टकटक. गुळगुळीत झालेल्या दगडाला परत धार येईपर्यंत असं बारीक टोचत राहायचं. लहानपणी मी आणि लक्ष्मी या आवाजावर पावलं टाकत शाळेचा खेळ खेळायचो.

विनीत पडवीत बसून फोनवर बोलत होता. त्याची पेटी पार्सलने आली. नवमीला बसवायची म्हणतो.

विनीत लक्ष्मीचा मुलगा. लक्ष्मी, माझी धाकटी बहीण, दोन वर्षांपूर्वी गेली. ठाण्यातली त्याची कंपनी मेमध्ये बंद पडली आणि जुलैच्या पावसात दोन बॅगा घेऊन तो माझ्या दारात उभा राहिला. चौतिसाव्या वर्षीही भिजल्यावर तो अगदी लक्ष्मीसारखाच दिसतो. विजेच्या मोटरीवर बसवली की वीज वाचवते अशी एक पेटी आहे. तिची आपल्या जिल्ह्याची एजन्सी त्याने घेतली आहे. साठवलेलं होतं नव्हतं ते त्यात घातलं.

पेटी चालली तर तो इथे राहील. नाही चालली तर जाईल. इतकं ते सरळ आहे, आणि मला तो इथे हवा आहे. दुसऱ्या कुणाशी मी हे बोलणार नाही, वहीत लिहिते.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आज गिरणीची पूजा. दरवर्षीप्रमाणे यंत्र आधी न्हाऊन निघालं. महादूने दोन्ही दगड बसवले, शेवंतीने कोपऱ्याकोपऱ्यातलं जुनं पीठ खरवडून काढलं, मोटरीत ग्रीस भरलं, सैल झालेला पट्टा बदलला. शेवंती गेली बारा वर्षं माझ्या गिरणीवर आहे. धान्य ओतायला तीच असते आणि बोलायलाही तीच.

मग विनीतने पेटी भिंतीवर बसवली. पांढरी, डब्याएवढी, पुढे हिरवा दिवा आणि बाजूला खटका. हळदकुंकू लागल्यावर शेवंती म्हणाली, "देवाक सांगूक व्हया." महादू सगळ्यांत वडील, म्हणून गाऱ्हाणं त्यानेच घातलं.

"बा देवा म्हाराजा, आज बाय आनंदीच्या गिरणीक ही नवी पेटी लागता हा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"तिका यश दी, बिलाक उतार दी, आणि ह्या झिलाचो पाय हयसर टिकव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता.

मग विनीतने प्रयोग दाखवला. त्याच्याकडे चिमट्यासारखा एक मीटर आहे. तो तारेभोवती नुसता धरायचा, तारेला टोचायचंही नाही, आणि आतून किती विजेचा प्रवाह जातोय तो आकडा दिसतो. मोटर मोकळीच चालू केली. आठ. पेटीचा खटका दाबला. पाच.

मोटर त्याच वेगाने, त्याच आवाजात फिरत होती, आणि आकडा आठाचा पाच झाला होता. "धान्य घालून दाखव रे," महादू म्हणाला. विनीत म्हणाला, "नाही, हा प्रयोग मोकळ्यावरच करतात." असेल तसं. माझ्या तर अंगावर काटा आला. त्या तारेत काहीतरी चाललंय, दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि एका डब्याच्या सांगण्यावरून ते शांत होतं! वादळात समुद्राला थांब म्हणावं आणि त्याने ऐकावं, तसं वाटलं.

१९ ऑक्टोबर

दिवाळीची दळणं. भाजणी, बेसन, वड्यांचं पीठ. दिवसाला अकरा तास गिरण चालली. विनीत स्वतः पिठाने पांढरा होऊन डबे उतरवून देत होता. बायका विचारतात, "पोस्तातल्या बाय, हो तुमचो कोण?" मी एकतीस वर्षं गावच्या पोस्टात होते, आजही मला तेच म्हणतात. "भाचो," मी सांगते, आणि गरज नसताना दोनदा सांगते.

८ नोव्हेंबर, शनिवार

बिल आलं! सप्टेंबरपेक्षा दळण दीडपट झालं आणि युनिटं मात्र जवळपास तेवढीच. मी चष्मा पुसून परत वाचलं.

विनीतने मला उचलूनच घेतलं. साठीच्या बाईला. "मावशी, तू बघितलंस? तू बघितलंस ना?" त्याने दोन्ही बिलांचे फोटो काढून सगळीकडे पाठवले, आणि खाली लिहिलं, 'आमच्या आनंदीमावशींच्या गिरणीतला अनुभव.' संध्याकाळपर्यंत धामापूरच्या बाबलीचा फोन आला. तोही गिरणवाला. "बाय, तुम्ही सांगतास म्हणजे बघूकच नको. माका एक पेटी धाडा."

एका मोटरीत काय काय असतं याचा मी कधी विचारच केला नव्हता. एवढी वर्षं शेजारी होती, आणि मी तिला पोस्टातल्या शिक्क्याइतकंच समजत होते.

१६ नोव्हेंबर

सात पेट्या गेल्या. दोन रेडीला, एक बाबलीकडे, बाकी काजूच्या कारखान्यांत आणि गिरण्यांत. सात डिसेंबरला आपल्याच गिरणीत तालुक्यातल्या गिरणवाल्यांना बोलावून प्रयोग दाखवायचा, असं विनीतने ठरवलं आहे. मी दोन शब्द बोलायचे.

आज विचारत होता, "मावशी, माझी खोली निळी रंगवू? चालेल तुला?"

'माझी खोली' म्हणाला. मी लगेच हो म्हटलं.

२१ नोव्हेंबर

शेवंतीची कुरकुर. "पीठ गरम येता गो बाय. आणि वेळ लय लागता." मी म्हटलं थंडी पडली की बरं होईल.

विनीत परसात फोनवर होता. रेडीच्या माणसाशी बोलत होता. "अहो, थोडे दिवस थांबा. पेटीला मशीनची सवय व्हायला वेळ लागतो." ऐकून नवल वाटलं. यंत्रालाही सवय लागावी लागते! नव्या सुनेसारखं. पण आत आला तेव्हा जेवला नाही. पोट बरं नाही म्हणाला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

गणपत आला होता नाचणी दळायला. वीज बोर्डातून वायरमन म्हणून निवृत्त झालेला, गावातल्या प्रत्येक खांबावर चढलेला माणूस. पेटीकडे बघून नाकाने आवाज काढला.

"बाय, ही कितीक वाचयता?"

मी अभिमानाने सांगितलं. आठाचे पाच.

"ता चिमट्यान बघलास. चिमटो सगळीच धावपळ मोजता." तो पायरीवर बसला. "आता बघ. होडी बंदरात बांदून ठेवल्यार लाटेर खाली-वर होता मा? दोरयेक ताण बसता, परत सैल पडता. पण होडी देवगडाक पोचली काय?"

"नाय."

"मोटारीचा तसाच. काय वीज काम करूक जाता, ती गेली ती गेली. आणि काय नुसती खांबार्सून येता, मोटारीत हलता आणि परत जाता. चिमटो दोनी एकत्र मोजता. तुजी पेटी ता हलणा आपल्याकडे घेता, म्हणान तारेतलो आकडो उतारता. पण बोर्डाचो मीटर फक्त देवगडाचा भाडा घेता. हलण्याचा घेणाच नाय."

"मगे पेटी खोटी?"

"खोटी कित्याक? मोठ्या कारखान्याक बोर्ड हलण्याचा पण बिल लावता. थय ती कामाची. तुझ्यासारख्या गिरणीक काय एक उपेग नाय. तारेची जराशी ऊब वाचात, तितक्याच."

"पण बिल कमी इला, गणपत! मी डोळ्यांनी बघलंय."

"मगे ता माका म्हायत नाय. मीटरार लाल दिवो लुकलुकता तो मोज. दहा किलो तांदूळ पेटी लावून दळ, दहा किलो पेटी बंद करून. लुकलुक म्हणजे विजेचो घोट. दिवो कोणाक भियाना नाय."

मला त्याचा राग आला. नाचणीचे पैसे घेतले नाहीत, म्हणजे तो गावात फार बोलणार नाही असं वाटलं. तरी तो बाहेर जाऊन बोललाच.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज विनीत कणकवलीला गेला आणि मी मोजलं.

आधी एक आठवण लिहून ठेवते. नववीत, कॉन्व्हेंट शाळेत, सिस्टर बेनेडिक्टांनी वर्गात हाताने फिरवायचा एक डायनॅमो आणला होता. त्याला एक छोटा बल्ब. मी दांडा फिरवला आणि बल्ब लागला, तेव्हा मी चक्क छातीवर क्रूस काढला. घरी देव्हारा असलेली मुलगी मी! वर्ग हसला, सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी बल्ब काढून घेतला आणि म्हणाल्या, आता फिरव. दांडा पिसासारखा हलका झाला. बल्ब लावला, परत जड. "तो उजेड तुझ्या दंडातून येतोय, आनंदी," त्या म्हणाल्या. त्या रात्री वसतिगृहात मी कितीतरी वेळ माझा दंड बघत होते.

म्हणजे मला हे पन्नास वर्षांपूर्वी माहीत होतं. दांडा हलका व्हायचा तर उजेड कमी व्हायला हवा. दळण तेवढंच आणि वीज कमी, हे कुठून येणार?

शेवंतीने दहा किलो तांदूळ ओतले आणि मी मीटरसमोर स्टुलावर बसले. लाल दिवा सेकंदाला एकदा, थोडा लवकरच, लुकलुकतो. शंभर झाले की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. पेटी लावून पाचशे एक्केचाळीस. पेटी बंद करून पाचशे अडतीस.

परत मोजलं. पाचशे चाळीस. पाचशे एक्केचाळीस.

शेवंती म्हणाली, "काय झाला गो बाय? तोंड कित्याक असा?"

एक सांगायला हवं. मोजताना, म्हणजे काय निघतंय हे कळायच्या आधी, मी विलक्षण शांत झाले होते. कुठल्यातरी धरणावर पाणी पडतं, डोंगर ओलांडून तारेतून येतं आणि माझ्या भिंतीवर एक एक घोट मोजून आत जातं. इतकं प्रामाणिक काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं. मला वाटतं शाळेच्या चॅपेलमध्येही नाही.

२७ नोव्हेंबर

विनीतला सांगितलं नाही. निळा रंग घेऊन आला आहे.

मग बिल का उतरलं? पेटीने काही केलं नाही तर कुणी केलं? दिवसभर हाच प्रश्न. माझ्या मोजण्यातच चूक असेल. असू दे देवा, चूक असू दे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

महादू आला दगड उघडायला. दोन महिने झाले, वेळ झालीच होती. दुपारी दगड बसवून झाले. शेवंतीने माझ्याकडे न बघताच दहा किलो तांदूळ मोजून ठेवले होते. तिला सगळं कळतं.

मोजलं. चारशे बहात्तर.

मला वाटलं मी एखादा चिंचोका गाळला. पेटी बंद करून परत मोजलं. चारशे चौऱ्याहत्तर.

पाचशे चाळीसवरून चारशे सत्तरावर! पेटी असो वा नसो. मी महादूच्या हातांकडे बघत राहिले. दगडाची धूळ बसून राखाडी झालेले, अंगठा वाकडा, आजारपणाने शिरा वर आलेल्या. या हातांनी टकटक करून धरणातलं पाणी वाचवलं होतं. नवमीला त्यानेच दगडांना धार दिली, आम्हीच पट्टा बदलला, ग्रीस भरलं, आणि मग हळदकुंकू वाहिलं पेटीला. गाऱ्हाणंही त्यानेच घातलं. आपण काय केलं ते त्याचं त्याला ठाऊक नव्हतं.

मी त्याला सांगितलं. त्याने हातांची धूळ झटकली. मग म्हणाला, "म्हणजे मी आजारी पडलंय तेवा तुका बिल जास्त इला?"

"होय."

"आणि मी उठलंय तेवा कमी?"

"होय रे."

"मगे माझी पूजा कर, त्या डब्याची कित्याक?" आणि एवढा हसला की खोकला लागला. मला हसू येईना.

१ डिसेंबर

कबूल करते. दोन दिवस मी हिशेब करत होते की गप्प राहिलं तर काय होईल. पेटी कुणाचं नुकसान करत नाही. मोटर जळत नाही. बिल कमी झालं हे खोटं नाही. कुणी विचारलं, 'बाय, तुमचं बिल उतरलं?' तर मी देवावर हात ठेवून हो म्हणू शकते. शब्द न शब्द खरा, आणि त्यातून बाहेर येणारी गोष्ट खोटी.

एकतीस वर्षं मी लोकांची पत्रं हातातून दिली. वाचता न येणाऱ्यांना वाचूनही दाखवली. दुबईहून वाईट बातमी आली तर एक शब्द गाळावा असं कितीदा वाटलं. गाळला नाही. म्हणूनच बाबली म्हणतो, तुम्ही सांगता म्हणजे बघायला नको.

आणि तरीही. खोलीच्या दोन भिंती निळ्या झाल्या आहेत. सकाळी नळाखाली कुणीतरी शीळ घालत दात घासतं. हे घर किती गप्प होतं ते मला आता कळतं.

४ डिसेंबर, गुरुवार

सांगितलं. सगळे आकडे कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेवले.

तो वाचत असताना मी त्याचा चेहरा बघत होते. आश्चर्य दिसेल असं वाटलं होतं. दिसलं नाही.

"कुणाला सांगितलंस?"

"महादूला. शेवंतीला. गणपतनेच मोजायला सांगितलं."

"म्हणजे गावाला." कागद घडी केला. "मावशी, रविवारपर्यंत तू काहीच बोलू नकोस. एवढंच कर. मग मी बघतो."

"विनू, त्या माणसांना मी बोलावलंय. माझ्या नावावर येतायत."

"आणि माझं काय आहे इथे? हीच पेटी आहे." तो उठला. "तुला मी इथे नको असेन तर तसं सांग. लुकलुक मोजून कशाला सांगतेस?"

दार आपटलं नाही. हळूच ओढून घेतलं. ते जास्त लागलं. लक्ष्मीही अशीच करायची.

त्याला माझं गणित पटलं नसावं. पेटीच्या कंपनीने जे शिकवलं तेच त्याला खरं वाटत असेल, बिचाऱ्याला काय ठाऊक.

७ डिसेंबर, रविवार

आजचं आजच लिहिते.

बत्तीस माणसं आली. बाबली धामापूरहून फटफटीवर, पेटी घेऊनच झालेली त्याची, तरी आला. "मजा बघूक," म्हणाला. गणपत मागे भिंतीला टेकून. महादू दारात. विनीतने इस्त्रीचा शर्ट घातला होता. चार तारखेपासून माझ्याशी कामापुरतंच बोलत होता.

मोकळी मोटर, चिमटा, आठ. खटका, पाच. माणसं 'आँ' म्हणाली. मग बाबली मोठ्याने म्हणाला, "ता ऱ्हवांदे रे. पोस्तातल्या बाय, तुम्ही सांगा. बिल उतरला काय नाय?"

बत्तीस माना माझ्याकडे वळल्या. विनीतने बघितलं नाही. तो जमिनीकडे बघत होता, आणि त्याच्या कानाची पाळी लाल झाली होती.

"उतरला," मी म्हटलं. आणि तिथेच थांबले. थांबता आलं असतं. मग माझाच आवाज ऐकू आला, "पण कोणी उतरवला, ता माझ्यार विश्वासान घेव नकात. तुम्हीच मोजा. शेवंती, तांदूळ घाल."

सगळे मीटरपुढे दाटीवाटीने उभे राहिले. पेटी चालू. बाबलीने सुरू केलं, "एक! दोन!" आणि तिसऱ्याला सगळे आले. शंभराला मी चिंचोका सरकवायची. दोनशेनंतर कुणी हसत नव्हतं. बत्तीस गडी, पिठाने आणि काजूच्या चिकाने हात रापलेले, एका टाचणीएवढ्या दिव्यापुढे एका सुरात मोजत होते. मी देवळं पाहिली आहेत, चॅपेल पाहिलं आहे. असं काही पाहिलं नव्हतं. तो दिवा कुणाच्या बाजूने नव्हता.

चारशे एक्क्याऐंशी.

"आता बंद करून," गणपत मागून म्हणाला.

मी खटक्याकडे वळले. माझ्या आधी विनीतचा हात तिथे पोचला होता. त्याने बंद केला. हिरवा दिवा गेला. दुसऱ्यांदा मोजताना त्याचा आवाज मला वेगळा ऐकू येत होता, अगदी माझ्या मागून, तीनशे बारा, तीनशे तेरा, न चुकता, शेवटपर्यंत.

चारशे ऐंशी.

गिरण बंद झाली. बाहेर कुणाची तरी कोंबडी ओरडत होती.

विनीत म्हणाला, "एक लुकलुक कमीच झाली, पेटी काढल्यावर." कुणीतरी फिसकन हसलं. तो हसला नाही. "मला पंधरा दिवस ठाऊक होतं. रेडीच्या फोनपासून. मी मोजलं नाही, कारण मोजलं असतं तर कळलं असतं." मग घसा साफ केला. "ज्यांनी घेतल्यात त्यांच्या मी परत घेतो. कंपनी घेवो न घेवो."

आणि बाहेर निघून गेला.

त्याला ठाऊक होतं! मी चार दिवस त्याला बिचारा समजत होते.

८ डिसेंबर, सोमवार

पहाटे उठले तर विनीत नाही. मोठी बॅग नाही. फोन बंद. निळ्या खोलीत चौथी भिंत तशीच, अर्धी पांढरी.

मी गिरण उघडली, दळणं घेतली, सुटे पैसे चुकून दोनदा परत दिले. शेवंती म्हणाली, "येतलो गो." मी म्हटलं, "मी काय विचारलंय?"

बाराच्या सुमारास बाबलीचा फोन. चिडलेला.

"बाय, तुमचो भाचो आणि तो महादू सकाळपासून माझ्या गिरणीत बसले हत. बॅग भरून हत्यारा घेऊन इले. माझी पेटी काढतत! मी म्हणतंय, ऱ्हवांदे, दिसाक बरी दिसता, हिरवो दिवो आसा. तर तो आयकना नाय. माझे पैशे टेबलार ठेवल्यान आणि आता माझो पट्टो बघता हा."

"कसो आसा तो?" मी विचारलं.

"कोण? पट्टो?"

"नाय रे. विनीत."

"पिठान भरलो हा. आणि मोजता हा. माका पण मोजूक बसवल्यान, चारशे झाले तेवा माझो नंबर चुकलो, तर माका वराडलो. माझ्याच गिरणीत!"

फोन ठेवला आणि मी पिठाच्या डब्यावर बसून रडले. शेवंतीने गिऱ्हाइकाला सांगितलं, बायच्या डोळ्यांत पीठ गेलं.

संध्याकाळी दोघं आले. महादू फटफटीवरून उतरताना शिव्या देत होता, कंबर मोडली म्हणून. विनीत हातपाय न धुता थेट स्वयंपाकघरात आला.

"मावशी, साठ! बाबलीचा पट्टा इतका सैल होता की चाकावर नुसता घसरत होता. आम्ही फक्त ताणला. दगडाला अजून हातही लावला नाही. साठ लुकलुका कमी, दहा किलोला! मोटरीवर हात ठेवला तर आधी चटका बसत होता, आता कोमट. तीच मोटर, मावशी!" तो पाटावर न बसता उभाच बोलत होता. "महादू दगडावर नुसता तळवा फिरवतो आणि सांगतो, एवढ्या जास्त होतील. आणि तेवढ्याच होतात. मी मोजून बघितलं."

डायनॅमोसमोर माझं तोंड असंच झालं असणार.

कंपनी पैसे परत देणार नाही, हेही त्याने सांगितलं. बाकीच्या सहा पेट्या तो या आठवड्यात काढून आणणार. पुण्याच्या एका कंपनीत जानेवारीत मुलाखत आहे, आठ दिवसांपूर्वीच कळलं होतं, तेही सांगितलं. मी म्हटलं, "जा हं. नक्की जा." मला हे म्हणता आलं, याचं मलाच आश्चर्य वाटलं.

मी तिसरं घावन वाढलं तेव्हा त्याने विचारलं, "या भागात गिरण्या किती असतील गं एकूण?"

"मोजल्या नाहीत कधी."

"सांग ना. मसुऱ्यापासून."

मी एकेक नाव आठवून सांगू लागले, पोस्टाच्या जुन्या रस्त्याने, घरं मनात ओलांडत. तो पिठाच्या बोटाने पाटाशेजारी जमिनीवर रेघा ओढत होता. आचऱ्याच्या तिठ्यापर्यंत आलो तेव्हा अकरा झाल्या होत्या.

"पुढे?" तो म्हणाला.